अतिथी लेख आणि बॅकलिंक : मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिथी लेख म्हणजे नेमके काय आणि बॅकलिंकशी त्याचा संबंध काय?

दुसऱ्याच्या संकेतस्थळासाठी, तिथल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून, आपल्या नावाने लिहिलेला लेख म्हणजे अतिथी लेख. व्यवहारात त्याला सर्रास ‘गेस्ट पोस्ट’ म्हटले जाते. लेखाच्या ओघात किंवा शेवटच्या लेखक-परिचयात आपल्या संकेतस्थळाचा दुवा दिलेला असतो, आणि दुसऱ्याच्या पानावरून आपल्या पानाकडे येणारा हा दुवा म्हणजेच आपली बॅकलिंक होय. यजमान स्थळाला चांगला मजकूर मिळतो, लेखकाला नवे वाचक आणि एक दुवा मिळतो, असा हा सरळ व्यवहार आहे. लेख नावापुरता आणि दुवा हाच खरा माल, अशी उलटापालट झाली की मात्र पुढच्या सगळ्या अडचणी सुरू होतात.

खालील उत्तरे स्वतःचे छोटे संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यावसायिकांसाठी आणि लेखकांसाठी लिहिली आहेत. उदाहरण म्हणून बऱ्याच ठिकाणी हापूस थेट ग्राहकाला विकणारा रत्नागिरीकडचा बागायतदार घेतला आहे. आपला व्यवसाय वेगळा असला तरी मुद्दे तेच राहतात.

शोधयंत्रे दुव्यांना महत्त्व का देतात?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना पेजरँक ही पद्धत मांडली आणि 1998 साली गूगलची रचना सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवले आहे, यावरून त्या पानाचे वजन ठरवता येईल, हा त्या पद्धतीचा गाभा होता. केवळ संख्या मोजली जात नव्हती. ज्या पानाला स्वतःला वजन आहे त्याने दिलेला दुवा जास्त मोलाचा ठरत होता. एखाद्या विषयातल्या जाणकाराने आपणहून आपल्या पानाचा हवाला देणे ही त्या पानाच्या बाजूने साक्ष असते, हे तर्कशास्त्र आजही लागू आहे.

मात्र दुव्यांचे महत्त्व पूर्वीइतके राहिलेले नाही. शोधातली क्रमवारी ठरवणाऱ्या पहिल्या तीन घटकांत दुवे आता मोडत नाहीत, असे गूगलच्याच प्रतिनिधींनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले होते. म्हणून ज्या संकेतस्थळावर ग्राहकाला दर, पत्ता आणि मागणी नोंदवण्याची रीत धड सापडत नाही, त्याने आधी ते काम करावे आणि मग अतिथी लेखांकडे वळावे.

अतिथी लेख लिहून दुवे मिळवणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याची दोन टोकांची उत्तरे बाजारात फिरत असतात, म्हणून त्याचा इतिहास थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

एप्रिल 2012 मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला आणि कृत्रिम दुव्यांच्या जोरावर वर आलेली असंख्य संकेतस्थळे एकाएकी खाली गेली. निर्देशिका आणि लेख-भांडार स्थळांवरचे दुवे निरुपयोगी ठरू लागल्यावर दुवे जमवणाऱ्यांनी आपला मोर्चा अतिथी लेखांकडे वळवला. त्यानंतर जानेवारी 2014 मध्ये गूगलच्या वेबस्पॅमविरोधी विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी, केवळ दुव्यांसाठी अतिथी लेख लिहिण्याचे दिवस संपले, अशा आशयाचा लेख स्वतःच्या ब्लॉगवर लिहिला. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी त्याच लेखात खुलासा जोडला की नव्या वाचकांपर्यंत पोहोचणे, नाव होणे, समविचारी मंडळी जोडली जाणे या कारणांसाठी अतिथी लेखन योग्यच आहे. तोच मार्चमध्ये अतिथी लेखकांची आणि यजमानांची गाठ घालून देणाऱ्या एका मोठ्या जाळ्यावर गूगलने कारवाई केली.

मे 2017 मध्ये गूगलने आणखी नेमकी सूचना दिली. शोधशब्द ठासून भरलेले दुवे लेखात घालणे, तेच ते लेख अनेक स्थळांवर किंवा मोजक्या स्थळांवर ढिगाने छापून आणणे, विषयाची जाण नसलेल्या लेखकांकडून लेख लिहवून घेणे, ही नियमभंगाची लक्षणे म्हणून तिथे नोंदवली आहेत. डिसेंबर 2022 पासून ‘स्पॅमब्रेन’ ही गूगलची यंत्रणा दुवे विकत घेणारी आणि दुवे विकण्यासाठीच चालवलेली, अशी दोन्ही प्रकारची संकेतस्थळे ओळखू लागली. असे दुवे ती सरळ निष्प्रभ करते, म्हणजे बहुधा शिक्षा होत नाही, पण खर्च केलेले पैसे आणि श्रम पाण्यात जातात.

तात्पर्य, अतिथी लेख लिहिण्यास मनाई नाही. क्रमवारी वाढवण्याच्या एकमेव हेतूने घाऊक लेख छापून आणण्यास मनाई आहे. प्रत्येक लेखाच्या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: यातला दुवा काढून टाकला तरी हा लेख मी याच स्थळाला देईन का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्धास्तपणे लिहावे. ‘नाही’ असेल तर त्या लेखावर वेळ घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘नोफॉलो’, ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘यूजीसी’ या खुणा कशासाठी असतात?

दुव्याच्या कोडमध्ये ‘रेल’ नावाचा एक गुणधर्म लिहिता येतो आणि त्यातून दुवा देणारे स्थळ शोधयंत्राला त्या दुव्याचे स्वरूप सांगते. प्रतिक्रियांमधून होणाऱ्या दुव्यांच्या भडिमाराला आळा घालण्यासाठी जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. सप्टेंबर 2019 मध्ये गूगलने तिच्या जोडीला आणखी दोन खुणा आणल्या: पैसे किंवा मोबदला घेऊन दिलेल्या दुव्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी स्वतः लिहिलेल्या मजकुरातील दुव्यासाठी ‘यूजीसी’. तेव्हापासून या तिन्ही खुणा गूगल आदेश म्हणून नव्हे, तर सूचक म्हणून वाचते.

यजमानाने ‘नोफॉलो’ दुवा दिला तर लेख वाया गेला असे समजावे का?

मुळीच नाही. विकिपीडियावरील बाह्य दुवे ‘नोफॉलो’ असतात, तरी तिथून माणसे येतातच. ‘नोफॉलो’ दुव्यावरून आलेल्या ग्राहकाने दोन पेट्यांची मागणी नोंदवली तर ती मागणी खरीच असते. कोणत्या खुणा लावायच्या हा यजमानाचा अधिकार आहे आणि त्यावरून हुज्जत घातल्याने संबंध बिघडतात.

लेखासाठी योग्य संकेतस्थळ कसे निवडावे?

अनेकजण सुरुवात ‘डोमेन ऑथॉरिटी’ (डीए) किंवा ‘डोमेन रेटिंग’ या, संकेतस्थळाचे वजन दाखवण्याचा दावा करणाऱ्या आकड्यापासून करतात. यांपैकी पहिला आकडा मॉझ या कंपनीचा आणि दुसरा एचरेफ्स या कंपनीचा आहे. गूगल या दोहोंपैकी एकही वापरत नाही. गूगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा पूर्वी ब्राउझरच्या टूलबारमध्ये दिसत असे, तोही 2016 मध्ये बंद करण्यात आला. हे खासगी आकडे ढोबळ तुलनेसाठी ठीक आहेत, पण ते फुगवणे अवघड नाही आणि दुव्यांचा व्यापार करणारी मंडळी ते फुगवूनच विकतात. ‘डीए 50 असलेल्या शंभर साइट्सवर गेस्ट पोस्ट’ अशी यादी कोणी पाठवली, तर ती यादी हीच नकार देण्यास पुरेशी आहे.

त्याऐवजी ते संकेतस्थळ उघडून वाचावे. अलीकडचे दहा लेख वाचले की चित्र स्पष्ट होते. लेखांना एका विषयाचे किंवा एका वाचकवर्गाचे सूत्र आहे का, की आज गृहकर्ज, उद्या ऑनलाइन जुगार आणि परवा केसगळती, असा सगळा सरमिसळ माल आहे? लेखकांची नावे आणि परिचय आहेत का, की सगळे ‘अॅडमिन’ या नावाने छापले आहे? वाचक प्रतिक्रिया देतात का आणि संपादक त्यांना उत्तर देतात का? जवळपास प्रत्येक लेखातून असंबद्ध व्यवसायाकडे एकेक दुवा जात असेल, तर ते स्थळ दुव्यांचे दुकान आहे असे खुशाल समजावे.

मराठीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. एखाद्या विषयाला वाहिलेली, नियमित चालणारी मराठी संकेतस्थळे मोजकीच आहेत, आणि त्यांतली बरीचशी एखाददुसरी व्यक्ती आवडीपोटी चालवते. अशा ठिकाणी महिन्याला वाचक हजार-दोन हजारच असले तरी ते मनापासून वाचणारे असतात. हापूस विकणाऱ्याला खाद्यसंस्कृतीवर, कोकणातल्या भटकंतीवर किंवा शेतीवर लिहिणारे छोटे मराठी स्थळ, सगळ्या विषयांवर सगळे काही छापणाऱ्या मोठ्या इंग्रजी स्थळापेक्षा नक्कीच अधिक उपयोगी पडेल. परदेशांतील महाराष्ट्र मंडळांची संकेतस्थळे आणि दिवाळी अंकांच्या ऑनलाइन आवृत्त्या यांचाही विचार अवश्य करावा. दिवाळी अंकासाठी मात्र काही महिने आधीच पत्रव्यवहार सुरू करावा लागतो.

मराठी संकेतस्थळाला इंग्रजी स्थळावरच्या दुव्याचा उपयोग होतो का?

विषय जुळत असेल तर होतो. दुव्याच्या दोन टोकांची भाषा वेगळी असणे हा दोष नाही. पण इंग्रजी वाचक दुव्यावरून येऊन मराठी पानावर पोहोचला आणि त्याला काहीच समजले नाही, तर तो लगेच परत जाईल; म्हणून दुवा देताना आपल्या स्थळावर इंग्रजी पान असेल तर तेच द्यावे.

विषय कसा निवडावा?

अतिथी लेख नाकारले जाण्याचे सर्वांत मोठे कारण भाषा नव्हे, विषय असते. ‘आंबा खाण्याचे दहा फायदे’ हा लेख कोणीही लिहू शकतो आणि तो अनेकांनी लिहून झालेला आहे. संपादकाला तो नको असतो, कारण तो लिहिण्यासाठी बागायतदाराची काहीच गरज नाही. आपल्या कामातून जे आपल्याला कळले आहे आणि बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही, तेच अतिथी लेखाचे भांडवल असते.

हापूसचेच उदाहरण घेऊ. ग्राहकाची नेहमीची तक्रार असते की बाहेरून सुरेख दिसणारे फळ कापले तर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघाला. बागायतदार याला ‘साका’ म्हणतात. साका फळाच्या सालीवरून ओळखता येत नाही. फळ झाडावरच जास्त पिकू दिले तर त्याचे प्रमाण वाढते, म्हणून जाणकार बागायतदार चौदा आणे तयार, म्हणजे साधारण 85 टक्के पक्व झालेले फळ उतरवतो. ते फळ देठासह आणि चीक न सांडता उतरवण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला वापरतात. मग भाताच्या पेंढ्यात आढी लावली जाते. पेटी घरी आल्यावर फळे कशी ठेवायची, सुरकुती पडलेल्या सालीचा अर्थ काय आणि आंबा फ्रीजमध्ये केव्हा ठेवावा व केव्हा ठेवू नये, हे सारे पुण्यामुंबईच्या गृहिणीला कोणी समजावून सांगितले तर तिला ते हवेच आहे. खाद्यविषयक स्थळाच्या संपादकाला असा लेख नाकारणे जड जाईल.

त्याच माणसाकडे आणखी एक विषय आहे. कोकणातील हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे येतात. परराज्यातला आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा ग्राहकाने विक्रेत्याला नेमके काय विचारावे, पेटीवर कशाची नोंद पाहावी, हा लेख ग्राहक-हिताच्या स्थळाला देता येतो. दोन्ही लेखांतून बागायतदाराच्या संकेतस्थळाकडे जाणारा दुवा आपोआप आवश्यक वाटू लागतो, कारण वाचकाला पुढची माहिती तिथेच मिळणार असते.

विषय सुचत नसेल तर ग्राहकांचे फोन आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश चाळावेत. जो प्रश्न वारंवार येतो आणि ज्याचे उत्तर देताना आपल्याला पाच-दहा मिनिटे बोलावे लागते, त्यात एक लेख दडलेला असतो.

संपादकाला पत्र कसे लिहावे?

पत्र छोटे, नेमके आणि त्या एकाच संपादकासाठी लिहिलेले असावे. ‘प्रिय महोदय/महोदया, आम्ही आपल्या उत्कृष्ट ब्लॉगचे नियमित वाचक आहोत’ अशी सुरुवात असलेली आणि कोणालाही पाठवता येतील अशी पत्रे संपादक न वाचताच बाजूला टाकतात. संपादकांचे नाव स्थळावर दिलेले असेल तर ते शोधून, योग्य आदरार्थी रूपाने लिहावे. एक नमुना पाहा:

‘सप्रेम नमस्कार. लोणच्याच्या कैरीवरील आपला लेख वाचला. कैरी कापल्यावर किती वेळात मीठ लावावे, हा त्यातला भाग आमच्या घरी विशेष चर्चिला गेला. माझी रत्नागिरी तालुक्यात हापूसची बाग असून आम्ही थेट ग्राहकांना फळे पाठवतो. आंब्यात साका का होतो आणि पेटी घरी आल्यावर फळांची काळजी कशी घ्यावी, या विषयावर आपल्या वाचकांसाठी सुमारे बाराशे शब्दांचा लेख लिहिण्याची इच्छा आहे. सोबत कापलेल्या फळांची मी काढलेली छायाचित्रे देता येतील. लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही. विषय आपणांस योग्य वाटल्यास महिनाअखेरपर्यंत लेख पाठवेन. लेखक-परिचयात आमच्या संकेतस्थळाचा उल्लेख करता आला तर आनंद होईल. कळावे, लोभ असावा.’

यात दुव्याची अपेक्षा लपवलेली नाही आणि तिचा आग्रहही धरलेला नाही. उत्तर आले नाही तर दहा-पंधरा दिवसांनी एक आठवण करावी. त्यानंतरही उत्तर नसेल तर दुसऱ्या स्थळाकडे वळावे. एकच प्रस्ताव एकाच वेळी पाच जणांना पाठवू नये, कारण दोघांनी होकार दिला तर एकाला तोंडघशी पाडण्याची वेळ येते.

लेखात दुवा कोठे आणि कोणत्या शब्दांवर द्यावा?

ज्या शब्दांवर क्लिक केल्यावर दुवा उघडतो त्या शब्दांना अँकर टेक्स्ट म्हणतात. ‘सर्वोत्तम हापूस आंबा ऑनलाइन खरेदी’ अशा विक्रीच्या शोधशब्दांवर दुवा देणे हे गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नाव घेऊन दिलेले उदाहरण आहे. अतिथी लेखांतील असे दुवे तिथे स्पष्टपणे नमूद केलेले आहेत. शिवाय मराठी वाक्यात असा शब्दसमूह खड्यासारखा लागतो आणि वाचकालाही ते जाणवते.

दुवा वाक्याच्या अर्थातून यावा. ‘आढी लावण्याची पद्धत आम्ही छायाचित्रांसह येथे दिली आहे’ या वाक्यात ‘आढी लावण्याची पद्धत’ या शब्दांवर दिलेला दुवा वाचकाला नेमके कोठे जाणार ते सांगतो. लेखक-परिचयात बागेचे किंवा व्यवसायाचे नाव हाच अँकर पुरेसा आहे. बाराशे शब्दांच्या लेखात आपल्या स्थळाचा एक दुवा लेखात आणि एक परिचयात, याहून अधिक देऊ नयेत. कृषी विद्यापीठ, शासकीय विभाग किंवा यजमान स्थळावरचेच जुने लेख यांचे दुवे आवश्यक तिथे जरूर द्यावेत. दुवा मुखपृष्ठाकडे नेण्यापेक्षा विषयाशी संबंधित आतल्या पानाकडे नेणे नेहमीच चांगले, आणि ते पान लेख पाठवण्यापूर्वी तयार असले पाहिजे.

आमच्या पानाचा पत्ता देवनागरीत आहे. दुवा देताना काही अडचण येते का?

शोधयंत्राला अडचण येत नाही, माणसांना येते. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 पद्धतीत तीन बाइट्स घेते आणि पत्ता कॉपी केल्यावर प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो. त्यामुळे ‘हापूस-आंबा’ एवढाच तुकडा काना, ऊकार आणि अनुस्वार धरून मोजला तर 10 चिन्हांचा आहे, पण तो ईमेलमध्ये चिकटवल्यावर 82 चिन्हांचा होतो. लांब शीर्षकाच्या लेखाचा पत्ता तर पाच-सहा ओळींचा होऊन बसतो, आणि संपादकाने तो घेताना शेवटचे एखादे चिन्ह निसटले की दुवा तुटतो. आमचा सल्ला असा की ज्या पानांचे दुवे बाहेर द्यायचे आहेत त्यांचा पत्ता रोमन अक्षरांत, आटोपशीर ठेवावा आणि एकदा ठरवलेला पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी 301 पुनर्निर्देशन करावे. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन 2014 पासून उपलब्ध आहे आणि ते जरूर घ्यावे, पण बाहेर देण्यासाठी एकच मुख्य पत्ता निश्चित करून सर्वत्र तोच वापरावा.

लेख कोणत्या स्वरूपात पाठवावा?

युनिकोडमध्येच पाठवावा. छपाईच्या दुनियेत रुळलेल्या जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की त्याचा अर्थहीन चिन्हांचा ढीग होतो, आणि रूपांतर करताना जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. रूपांतरित मजकूर असेल तर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कर्‍हाड’ अशा शब्दांतला र नीट उमटला आहे ना हे डोळ्यांनी तपासावे. छायाचित्रे स्वतः काढलेली असावीत आणि ती फाइलमध्ये न चिकटवता स्वतंत्रपणे, छायाचित्रांखालच्या ओळींसह पाठवावीत.

लेख छापण्यासाठी पैसे मागितले तर काय करावे?

पैसे देऊन प्रसिद्धी घेणे बेकायदा नाही, पण मग तो अतिथी लेख राहत नाही, ती जाहिरात होते, आणि तिला जाहिरात म्हणूनच वागवावे लागते. दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण हवी आणि वाचकाला दिसेल अशा जागी लेख प्रायोजित असल्याचा उल्लेख हवा. भारतात याला कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 अंतर्गत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने शिफारस करणाऱ्यांसाठी आणखी सूचना दिल्या. ज्या भाषेत शिफारस केली आहे त्याच भाषेत मोबदल्याचा खुलासा करावा, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजेच मराठी लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत इंग्रजी शब्द टाकून भागत नाही. ‘प्रायोजित लेख’ असे स्वच्छ मराठीत लिहावे. मोबदला म्हणजे केवळ रोकड नव्हे. आंब्याची पेटी भेट पाठवून तिच्याविषयी लिहवून घेतले, तरी तो मोबदलाच ठरतो.

‘स्पॉन्सर्ड खूण लावणार नाही, कोणाला कळणार नाही’ असे आश्वासन देणाऱ्याकडून दुवा घेऊ नये. तो हेच आश्वासन आणखी अनेकांना देत असतो, आणि ते सर्व दुवे एकाच पानावर शोधयंत्रासमोर उघडे असतात.

तोच लेख दोन ठिकाणी छापता येतो का आणि त्याचा हक्क कोणाचा?

यजमानाच्या लेखी संमतीशिवाय नाही. मराठी दिवाळी अंकांच्या परंपरेत ‘पूर्वप्रसिद्धी’चा उल्लेख करून पुनर्मुद्रण होते, तीच शिस्त इथेही पाळावी. आपल्या स्थळावर लेखाचा सारांश देऊन मूळ लेखाकडे दुवा देणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

हक्काबाबत भारतीय कॉपीराइट कायदा 1957 स्पष्ट आहे. स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हाच प्रथम हक्कधारक असतो आणि हक्काचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. अशा करारात मुदत नमूद नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश नमूद नसेल तर भारत, असे मानले जाते. छोट्या स्थळांशी करारपत्र करण्याची वेळ सहसा येत नाही. तरी लेख कोठे छापला जाईल, त्यात बदल कोण करील, दुवा राहील का आणि लेख पुढे पुस्तकात घेता येईल का, एवढे ईमेलवर ठरवून घ्यावे.

एआयकडून लेख लिहवून घेतला तर चालेल का?

मजकूर कोणत्या साधनाने तयार झाला यापेक्षा तो वाचकाच्या उपयोगाचा आहे का, हे गूगल पाहते; पण वाचकाला काही नवे न देणारा मजकूर घाऊक प्रमाणात तयार करणे मार्च 2024 पासून स्पॅमविषयक धोरणात स्पष्टपणे निषिद्ध आहे. शुद्धलेखन तपासण्यास, मुद्द्यांचा क्रम लावण्यास अशा साधनाचा उपयोग होतो. मात्र चौदा आणे तयार आंबा हातात घेतल्यावर कसा लागतो, हे बागायतदारानेच लिहिले पाहिजे, आणि संपादक लेख स्वीकारतात तो त्याच भागासाठी.

किती लेख लिहावेत आणि परिणाम कधी दिसतो?

छोट्या व्यवसायाने दोन-तीन महिन्यांत एक चांगला लेख दिला तरी पुरे. दुव्यावरून येणारे वाचक प्रसिद्धीच्या आठवड्यातच दिसू लागतात. शोधातील स्थानावर परिणाम व्हायला काही महिने लागतात आणि तो होईलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. हमी देणाऱ्याशी व्यवहार करू नये.

दुवा टिकला आहे का आणि त्याचा उपयोग झाला का, हे कसे पाहावे?

गूगल सर्च कन्सोल या, संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनातील ‘लिंक्स’ या अहवालात आपल्याकडे दुवे देणारी स्थळे दिसतात. तो अहवाल नमुनादाखल असतो, त्यामुळे एखादा दुवा तिथे दिसला नाही तर लगेच घाबरू नये. कोणत्या दुव्यावरून किती वाचक आले हे ॲनालिटिक्समध्ये कळते. याहून सोपा उपाय म्हणजे मागणी नोंदवण्याच्या अर्जात ‘आमच्याविषयी कोठे वाचले?’ असा एक रकाना ठेवावा. व्हॉट्सॲपवरून फिरत गेलेल्या लेखाचा माग कोणत्याही साधनाला नीट लागत नाही, तो या रकान्यातून लागतो. लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियांना पहिल्या आठवड्यात आवर्जून उत्तरे द्यावीत. दुसऱ्या लेखाचे आमंत्रण बहुतेक वेळा त्यातूनच येते.

पूर्वी एका एजन्सीने आमच्यासाठी शेकडो दुवे विकत घेतले होते. आता काय करावे?

प्रथम सर्च कन्सोलमधील ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ हा विभाग पाहावा. तिथे अनैसर्गिक दुव्यांबद्दल कारवाईची नोंद नसेल तर बहुधा काहीच करण्याची गरज नाही, कारण असे दुवे गूगल आपणहून दुर्लक्षिते. नोंद असेल तर संबंधित स्थळांना दुवे काढण्याची विनंती करावी, जे निघत नाहीत त्यांची यादी ‘डिसअव्हाऊ’ या साधनातून कळवावी आणि मग पुनर्विचाराचा अर्ज करावा. हे साधन ऑक्टोबर 2012 पासून उपलब्ध आहे, पण बहुतेक संकेतस्थळांना त्याची गरज पडत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. घाईघाईने भरलेल्या यादीत चांगले दुवेही वाहून जाण्याचा धोका असतो.

आमच्या संकेतस्थळावर इतरांचे अतिथी लेख घ्यावेत का?

जरूर घ्यावेत, पण संपादन करण्याची तयारी असेल तरच. मे 2024 पासून गूगलने ‘साइट रेप्युटेशन ॲब्यूज’ या नावाखाली, यजमान स्थळाच्या नावलौकिकाचा फायदा उठवण्यासाठी तिथे छापलेल्या बाहेरच्या मजकुरावर कारवाई सुरू केली आहे. शिवाय आपल्या स्थळावरून बाहेर जाणाऱ्या अनैसर्गिक दुव्यांबद्दलही स्वतंत्र कारवाई होऊ शकते. म्हणून आपल्या विषयाबाहेरचा लेख घेऊ नये, लेखकाचा खरा परिचय छापावा, प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहावा आणि ज्याबद्दल खात्री नाही त्याला ‘नोफॉलो’ लावावा. लेख कसे स्वीकारले जातात याची नियमावली एका स्वतंत्र पानावर ठेवावी: शब्दमर्यादा, युनिकोडची अट, छायाचित्रांचे हक्क, दुव्यांची संख्या आणि उत्तरासाठी लागणारा कालावधी. नकारही कळवावा, आणि शक्य असेल तेव्हा दोन ओळींत कारण द्यावे. मराठीत जाणकारीने लिहिणारी माणसे आधीच थोडी आहेत, आणि आज ज्याचा लेख परत गेला तो पुढच्या हंगामात अधिक चांगला लेख घेऊन येऊ शकतो.